दुसरीच्या नावाचा क्रॉस

मंजू राठोडच्या उजव्या पायाला, घोट्याच्या जरा वर, कोयत्याचा वण आहे. ऊस तोडताना लागलेला. त्याच पायानं अकरा वर्षांपूर्वी तिनं जे चेंडू मारले, त्यांच्या जोरावर एक बाई आज सरकारी कचेरीत पंख्याखाली बसते. ती बाई मंजू नव्हे. मंजू मानोऱ्याजवळच्या एका तांड्यात राहते, या वर्षापर्यंत दिवाळीच्या आगेमागे ट्रकमध्ये बसून उसाला जायची आणि उन्हं तापली की परत यायची. ही गोष्ट ठाऊक असलेले वीस-पंचवीस लोक आहेत आणि ते सगळे गप्प आहेत. ज्यांना बोलून काही मिळायचं नाही ते गप्प, आणि ज्यांचं बोलून बिघडेल ते तर गप्पच. हे ज्या शाळेत घडलं त्या गावाचं नाव इथं येणार नाही. ज्याला फारच चुटपुट लागेल त्यानं आपल्या शेजारचं गाव समजावं, फारसं चुकणार नाही.

मंजूचा बाप धरमसिंग कवेलू, म्हणजे छपरावरची कौलं, फेरायचं काम करायचा. उन्हाळ्यात उसावरून आला की धनजपासून मानोऱ्यापर्यंत त्याला बोलावणी असायची. घरावरची कवेलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, चांगली झटकून पुन्हा ओळीनं बसवायची, आणि हे सगळं पाऊस लागायच्या आत. धरमसिंग छपरावर आणि मंजू खाली. खालून एकेक कवेलू वर फेकायचं काम तिचं. बघणाऱ्याला वाटतं, त्यात काय एवढं. ज्याला वाटतं त्यानं एकदा फेकून बघावं. जोरात गेलं तर वरच्याची बोटं सोलतात, कमी पडलं तर खाली येऊन फुटतं आणि घरमालकीण बापाचा उद्धार करते. शिवाय वरचा माणूस एका जागी बसलेला नसतो. तो सरकत असतो, आणि खाली न बघता नुसता हात मागं करतो.

"हात पाहू नको," धरमसिंग सांगायचा. "हात आता इथी हाय. कवेलू वर येईस्तोवर तिथी जाईल. जिथी जाईल तिथी टाक."

मंजूला हे सात-आठ वर्षांची असल्यापासून येत होतं. कवेलू वर जायचं, बापाच्या हाताशी पोचायचं आणि तिथं जणू क्षणभर थांबायचं, घे म्हणून. दिवसभरात शे-पाचशे कवेलं वर जायची आणि दोन-तीन फुटायची. धरमसिंगला पोरीचं कौतुक होतं, पण ते बोलून दाखवायची त्या घरात पद्धत नव्हती.

शाळेच्या मागच्या तीन खोल्या कवेलूच्या होत्या. त्या वर्षी पाऊस लांबला, शाळा उघडली तरी धरमसिंग छपरावरच होता. मंजू तेव्हा पंधरा वर्षांची. मैदानावर मुलींचा फुटबॉल चालला होता आणि एक चेंडू भिंतीला आपटून तिच्या पायाशी आला. दोन्ही हातांत कवेलं होती, म्हणून तिनं तो पायानंच परत धाडला. मैदानाच्या मधोमध अंजना नावाची एक उंच मुलगी धावत होती. चेंडू तिच्या अंगावर गेला नाही, मागंही पडला नाही. तिच्या पुढं दोन पावलांवर, छातीच्या उंचीला येऊन उतरला. अंजनानं फक्त पळत राहायचं होतं.

शालिग्राम सर खेळाचे शिक्षक. ते शिट्टी हातात धरून तसेच उभे राहिले. मग भिंतीपर्यंत चालत आले.

"कोणत्या वर्गात हायस वं?"

"कोणत्याच नाई."

"काहून?"

"उसाले गेलतो ना सर. वापस आलो तं नाव कटलं होतं."

नववीत दिवाळीनंतर ती आईबापाबरोबर गेली, एप्रिलात परत आली. तेवढ्यात पटावरून नाव कमी झालं होतं. तांड्यातल्या निम्म्या पोरांचं होतं तसं. कोणी त्याचं दुःख करत बसत नाही, कोणी चौकशीही करत नाही. सर म्हणाले, "संध्याकाळी खेळाले ये. नावाचं पाहू."

शालिग्राम सर वाईट माणूस नव्हते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे झालं ते त्यांनीच केलं.

त्यांनी मंजूला उजव्या कडेला उभं केलं. गावाकडच्या फुटबॉलमध्ये कडेला कोण उभं राहतं? ज्याला मध्ये जागा मिळत नाही तो. सगळ्यांना गोल मारायचा असतो, चेंडूमागं दहा जण धावतात आणि धुळीत कोण कोणाला लाथ मारतंय ते कळत नाही. मंजूला ती गर्दी नकोच होती. ती रेघेला धरून पळायची, पार कोपऱ्याजवळ जायची, आणि तिथून चेंडू गोलासमोर आडवा टाकायची. सरांनी सांगितलं, याले क्रॉस म्हणतात. तिला नावाशी काही देणंघेणं नव्हतं.

बाकीच्या मुली क्रॉस मारायच्या तेव्हा अंजनाकडं बघून मारायच्या. चेंडू पोचेपर्यंत अंजना पुढं निघून गेलेली असायची, आणि अंजनाबरोबर तिला अडवणाऱ्या दोघींनाही कळलेलं असायचं की चेंडू कुठं येतोय. मंजू एकदाच मान वर करायची. गोलकीपर कुठं आहे, मागच्या मुली कुठं आहेत, आणि त्या दोघांच्या मधली रिकामी पट्टी कुठं आहे, एवढंच बघायची. मग मान खाली आणि चेंडू त्या पट्टीत. गोलकीपरला वाटावं पुढं जाऊन पकडू, आणि पुढं आली की चेंडू हाताच्या वीतभर पलीकडून जावा. मागच्या मुली गोलाकडं तोंड करून पळत असायच्या, त्यांचा पाय लागला तर आपल्याच जाळ्यात. कधी अंजना मागं राहिली असेल तर मंजू उंच चेंडू टाकायचीच नाही, जमिनीलगत मागं ओढून द्यायची. अंजना म्हणायची, मले काईच करा लागत नाई, नुसतं जाऊन उभं राहा लागते.

ऑगस्टात स्पर्धेचे फॉर्म भरायची वेळ आली आणि गाडं अडलं. खेळाडूचं नाव त्या वर्षी शाळेच्या पटावर पाहिजे, मंजूचं कुठंच नव्हतं. सर मुख्याध्यापकांकडं गेले, कारकुनाकडं गेले. पुढच्या वर्षी नाव घालू म्हणाले सगळे. पुढच्या वर्षी मंजू वयात बसणार नव्हती.

संघाच्या यादीत सोळावं नाव होतं संस्कृती गावंडेचं. इंद्रभान गावंडे शाळेच्या संस्थेवर होते, गावात चाळीस एकर ओलिताचे धनी. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणायचं. त्यांच्या मुलीकडं बूट होते आणि सरांना ‘नाही’ म्हणता येत नव्हतं, एवढ्यावर ती संघात होती. तिला खेळात गोडी नव्हती, उन्हात तर मुळीच नव्हती. सरांच्या डोक्यात आलं ते असं, की नाव तिचं आणि पाय मंजूचा.

ते तांड्यावर धरमसिंगला विचारायला गेले. उगाच म्हणायला नको, रीतसर विचारलं.

धरमसिंग म्हणाला, "नाव काय चाटाचं हाय का सर? पोरीले खेळाले भेटते ना? मंग झालं."

सगळी चूक म्हणायची तर या एका वाक्यात आहे. पण धरमसिंगनं जन्मभर दुसऱ्यांच्या घरावर कवेलू बसवलं होतं. छपराखाली कोण राहतं याचा आणि बसवणाऱ्याच्या नावाचा संबंध असतो, हे त्याला कोणी कधी दाखवलंच नव्हतं. त्याला वाटलं, सर आपल्यावर उपकारच करून राहिले. मंजूलाही तेच वाटलं. आठ दिवस ती वहीवर सही गिरवत बसली: संस्कृती इंद्रभान गावंडे. शेवटी तिची सही संस्कृतीपेक्षा चांगली यायला लागली. मैदानावर मुली तिला ‘संस्कृती, संस्कृती’ म्हणून हाका मारायच्या आणि तिला हसू यायचं.

अनसिंग गावच्या मुलींना त्यांनी चार गोलांनी हरवलं, चारही मंजूच्या क्रॉसवर. जिल्हा जिंकला, विभाग जिंकला. तेवढ्यात दिवाळी आली आणि ट्रक निघाला. राज्याची स्पर्धा डिसेंबरात होती. आईबाप गेले, मंजूला मागं ठेवलं, गावंडेंच्या मागच्या पडवीत. सकाळी शेण काढायचं, भांडी घासायची, चार वाजता मैदानावर. त्याची कुरकूर तिनं कधी केली नाही, कारण चार वाजणार होते.

राज्यात तिसरा नंबर आला. पेपरात फोटो छापून आला. मागच्या रांगेत, डावीकडून तिसरी, संस्कृती गावंडे. तो चेहरा मंजूचा होता. बातमीत मात्र गोल मारले म्हणून अंजनाचं नाव ठळक होतं आणि संस्कृतीचं नुसतं यादीत. क्रॉस कोणी दिला हे पेपरवाले लिहीत नाहीत. सर म्हणाले, जो गोल मारते त्याचंच नाव होते, हे खेळात असंच चालते. सव्वीस जानेवारीला शाळेत सत्कार झाला आणि प्रमाणपत्रं वाटली. संस्कृती स्टेजवर गेली, प्रमाणपत्र घेतलं, टाळ्या झाल्या. स्पर्धा संपताच मंजूला आईबापाकडं धाडलं होतं; त्या दिवशी ती दूर कुठंतरी उसाच्या फडात मोळ्या बांधत होती. तिला वाटत होतं, आपल्यालाही काहीतरी ठेवलं असेल. निदान एखादा फोटो.

उन्हाळ्यात परत आल्यावर ती सरांकडं गेली. सरांनी तिला एक जुना चेंडू दिला. प्रमाणपत्राचं काही बोलले नाहीत, तिनंही विचारलं नाही. विचारायचं काय? नाव तर तिचं नव्हतंच.

पुढचं सगळं सरळ आहे. संस्कृतीला दहावीत खेळाचे वाढीव गुण मिळाले. कॉलेज झालं, आणि खेळाडूंसाठी राखीव असलेल्या जागेवर तिला नोकरी लागली. गावंडेंनी पेढे वाटले. मंजूचं बादलशी लग्न झालं, दोघं मिळून उसाला जायला लागली, वैभवी नावाची मुलगी झाली. गावोगाव टिनं आली आणि धरमसिंगचं काम गेलं. आता तो ओट्यावर बसलेला असतो. चेंडू कधीच फाटला.

या वर्षी भादव्यात एक दिवस तांड्यात गाडी आली. गाडीतून इंद्रभान गावंडे उतरले आणि मागून शालिग्राम सर. सर आता निवृत्त झालेत, केस पांढरे झालेत. गावंडे मंजूच्या खाटेवर बसले, तिच्या घरचं पाणी प्यायले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मंजू समजली की काम मोठं आहे.

कोणीतरी तक्रार केली होती. पेपरातला तो फोटो आणि संस्कृतीचा आत्ताचा फोटो शेजारी ठेवून पाठवले होते. चौकशीचे साहेब म्हणाले, इतक्या वर्षांत चेहरा बदलतो, फोटोवरून मी काही म्हणत नाही. कागद आहेतच, पण मैदानावर येऊन खेळून दाखवा. शाळेच्या जुन्या शेऱ्यात लिहिलं होतं: ‘उजव्या बाजूची खेळाडू, उत्कृष्ट क्रॉस.’ तेव्हा क्रॉस मारून दाखवायचे. तेरा दिवसांनी, वाशीमला.

"तिले शिकव," गावंडे म्हणाले. "अन् त्या दिवशी समोर पळाले तूच ये. तिले सवय झाली राह्यते."

गावंडेंना ठाऊक होतं की आता काहीतरी ठेवावं लागणार, आणि त्यांनी ते आणलंही होतं.

"शाळेत खिचडी शिजवाले बाई पाह्यजे. ते काम तुले. उसाले जाची गरज नाई. तुही पोरगी पहिलीत हाय ना? तिचं नाव पटावरून कटणार नाई. मी हावो."

कटणार नाई. तो शब्द नेमका त्यांनी कसा निवडला कुणास ठाऊक. वैभवी दारात उभी होती, शाळेच्या निळ्या फ्रॉकात. मंजू म्हणाली, "येतो मी उद्यापासून."

दुसऱ्या दिवशी चार वाजता संस्कृती नवे बूट घालून मैदानावर आली. ती घाबरलेली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिच्यावर राग काढावा म्हणून मंजू आली होती, पण काढता येईना. संस्कृतीनं तरी काय केलं होतं? बापानं आणि सरांनी जे हातात दिलं ते घेतलं. मात्र घेताना एकदाही मागं वळून बघितलं नाही, हेही खरं. मंजूनं चप्पल काढली आणि कितीतरी वर्षांनी चेंडूला पाय लावला. पहिलाच चेंडू कोपऱ्यावरून निघाला आणि गोलासमोर, पाहिजे तिथं, जाऊन उतरला. बाई, हे आपल्याला येतं, अजून येतं! त्या आनंदात ती दोन मिनिटं विसरली की आपण कशाला आलो.

संस्कृतीला येईना. पाय चेंडूच्या खाली जायचा आणि चेंडू आभाळात. कमरेतून वळ, म्हटलं की पाय थांबायचा. त्यातूनही चेंडू बरा गेला तर थेट मंजूच्या अंगावर.

"मले पाहू नको," मंजू म्हणाली. "मी आता इथी हावो. चेंडू येईस्तोवर तिथी जाईन. जिथी जाईन तिथी टाक."

"पण तू तिथी येशीलच, हे मले कसं कळन?"

"कळत नाई. भरोसा ठेवा लागते."

बारा दिवस हेच चाललं. संस्कृती रडली, पाय सुजला, पुन्हा आली. शेवटच्या दिवशी दहातला एखादा क्रॉस बरा जायला लागला. मंजूला वाटलं, जमेल. आणि जमावं असं तिला मनापासून वाटत होतं, वैभवीसाठी.

तेराव्या दिवशी गाडी वाशीमला निघाली. पुढं गावंडे आणि ड्रायव्हर, मध्ये सर आणि संस्कृती, सगळ्यात मागं आडव्या बाकावर मंजू. संस्कृतीचा डोळा लागला होता. गावंडेंनी मान मागं वळवली आणि सरांना म्हणाले, आवाज न लपवता, कारण मागच्या बाकावरच्या माणसापासून आवाज लपवायची त्यांना सवयच नव्हती:

"खरं सांगू का सर, ते सर्टिफिकेट या पोरीच्या नावावर असतं तं तिनं काय केलं असतं? चुलीत घातलं असतं. आपल्या संस्कृतीनं त्याचं चीज तं केलं."

सर हसले. फार नाही, थोडं. पण हसले.

मंजूच्या कानाखाली कोणी काढली असती तरी तिला एवढं लागलं नसतं. गावंडेंचं काय, ते गावंडेच. पण सर? ज्यांनी भिंतीपाशी येऊन विचारलं होतं, कोणत्या वर्गात हायस? तिथून वाशीमपर्यंत ती खिडकीबाहेर सोयाबीन बघत बसली, आणि सोयाबीन पिवळं पडलंय की हिरवं आहे हे तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तिनं ठरवलं. आज पाय हलवायचे नाहीत. संस्कृती पडेल. साहेब विचारतील, मग खेळलं कोण होतं? तेव्हा पुढं व्हायचं आणि म्हणायचं: मी, मंजू धरमसिंग राठोड. द्या चेंडू इकडं. खिचडीचं काम जाईल, जाऊ दे. वैभवीचं नाव कटेल. तिथं मात्र ती अडखळली. मग दात आवळून म्हणाली, कटू दे, आपलं कटलं तेव्हा कोण मेलं? एकदा तरी मैदानावर स्वतःचं नाव मोठ्यानं घ्यायचं होतं तिला. त्या क्षणाला तिला जगात दुसरं काही नको होतं.

साहेब तरुण होते, डोक्यावर टोपी, स्वतः खेळलेले असावेत. मैदानावर सराव करणाऱ्या दोन मुलींना त्यांनी बोलावलं, एक गोलात आणि एक अडवायला. म्हणाले, "सहा क्रॉस मारा. मला सहापैकी एक पुरे. खेळलेल्या माणसाचा एक तरी बसतोच."

पहिला गोलाच्या मागं गेला. दुसरा गोलकीपरच्या हातात. तिसरा बरा होता, मंजूच्या पुढून हातभर अंतरावरून गेला, आणि मंजू उभी राहिली. चेंडू गवतातून पलीकडच्या रेघेबाहेर गेला.

"बाई, पळा ना! उभ्या काय राहिलात?" साहेब ओरडले.

सरांनी तिच्याकडं बघितलं. त्यांना समजलं. एवढी वर्षं पोरींना खेळवलेला माणूस, त्याला कोण मुद्दाम उभं आहे ते समजायचं कसं राहील? त्यांनी मान खाली घातली. गावंडेंना खेळातलं काही कळत नव्हतं, तरी त्यांच्याही कपाळाला आठ्या पडल्या. चौथा अडवणाऱ्या मुलीच्या गुडघ्याला लागला. पाचवा कुठल्या कुठं. साहेबांनी काखेतली फाईल काढून हातात घेतली.

"शेवटचा."

संस्कृती कोपऱ्यावर उभी होती. तिचा चेहरा रडवेला झाला होता. तिनं एकदा मान वर केली, गोलाकडं बघितलं, आणि मग मान खाली. मंजूकडं तिनं बघितलंच नाही. बारा दिवसांत जे तिला एकदाही धड जमलं नव्हतं ते त्या घटकेला जमलं. जिथं कोणीच नव्हतं, तिथं तिनं चेंडू टाकला.

चेंडू तसा वाकडाच होता. खूप खाली, फिरत, उड्या मारत येणारा. पण गोलकीपर आणि मागची मुलगी यांच्या मधल्या पट्टीत येत होता. ती पट्टी रिकामी होती.

मंजू कधी निघाली ते मंजूला कळलं नाही. उभं राहायचं ठरवलेलं डोकं मागंच राहिलं आणि पाय पुढं गेले. अडवणारी मुलगी वळेपर्यंत ती तिच्या पुढून निघाली होती. वण असलेल्या पायाचा अनवाणी तळवा चेंडूला लागला, आणि जाळी हलली. बापाचा हात छपरावरून मागं आला की कवेलू तिथं जायचंच, तसं झालं ते. तिला थांबताच आलं नाही.

ती गोलाच्या आत, जाळीला धरून उभी राहिली आणि तिला स्वतःच्या पायांची इतकी चीड आली की ते तोडून टाकावेत असं वाटलं.

साहेब मात्र खूश झाले. "बघितलंत?" ते सरांना म्हणाले. "माणसाकडं न बघता जागेत टाकला. हे कुठं वाचून येत नाही. लहानपणी कोणीतरी शिकवलेलं असतं, तेच वेळेला बाहेर येतं." त्यांनी फाईल मांडीवर घेतली आणि लिहायला लागले. लिहिता लिहिता मान वर केली. "आणि तुम्ही बाई? तुमचं नाव काय?"

तेवढ्यासाठी तर ती आली होती.

"मंजू धरमसिंग राठोड," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. गावंडे, सर, संस्कृती, तिघंही जागच्या जागी थिजले.

"कुठल्या पातळीपर्यंत खेळलात?"

मंजूनं तोंड उघडलं. राज्यापर्यंत, तिसरा नंबर, तो शेरा जिच्याबद्दल लिहिलाय ती मी. सगळं तोंडाशी आलं होतं. पण आता ते कशावर टेकवायचं? संस्कृतीचा क्रॉस चांगला होता हे तिनंच तर आत्ता, सगळ्यांच्या देखत, पायानं सांगितलं होतं.

"प्रमाणपत्र वगैरे आहे का काही?" साहेबांनी विचारलं.

"नाई."

"पाय फार चांगला आहे तुमचा. तेव्हाच खेळायला पाहिजे होतं." आणि त्यांनी सही केली. गोल कोणी मारला हे त्या कागदावर लिहायची जागाच नव्हती. जन्मभर ऐकलं होतं तिनं, जो गोल मारते त्याचंच नाव होते. आयुष्यात एक महत्त्वाचा गोल तिनं मारला, तर त्या दिवशी कागद क्रॉसवालीचा निघाला.

संस्कृती जवळ आली, तिचा हात धरला. "तू आलीस," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. मंजूनं हात सोडवून घेतला आणि चपला शोधायला लागली. परत जाताना गावंडेंनी नाश्त्याला गाडी थांबवली, मंजूसाठी बसल्या जागी कचोरी पाठवली आणि म्हणाले, "सोमवारपासून ये वं खिचडीले." त्यांनी शब्द पाळला. बोलायला जागा ठेवली नाही, तेही एक आलंच.

या वर्षी मंजू उसाला गेली नाही. शाळेच्या मागच्या खोल्यांवर आता टिन आहे, त्यातल्याच एकीत ती खिचडी शिजवते. वैभवीचं नाव पटावर आहे. चार वाजता मैदानावर पोरं-पोरी खेळतात, आणि एखादा चेंडू भिंतीला आपटून तिच्या दाराशी येतो. मंजू तेव्हा हातातली भांडी खाली ठेवते, वाकते, आणि चेंडू हातानं उचलून देते.